ताकद आधी येते, कंडरा मागून

दुखापतीनंतर पुन्हा वजन उचलायला सुरुवात करताना धोका पहिल्या दिवशी फारसा नसतो. तो असतो सगळं छान वाटू लागतं त्या आठवड्यात.

एप्रिल 2018 मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत मीराबाई चानूने एकूण 196 किलो उचलून सुवर्णपदक घेतलं. त्यानंतर तिच्या पाठीने असा दगा दिला की त्याच वर्षीची जकार्ताची आशियाई स्पर्धा हुकली. फेब्रुवारी 2019 मध्ये थायलंडमध्ये ती पुन्हा स्पर्धेत उतरली आणि 192 किलो उचलून जिंकली. माजी जगज्जेती परतली, तीही चार किलो खाली राहून. सप्टेंबरमध्ये पट्टायाच्या जागतिक स्पर्धेत आकडा 201 वर गेला. 2020 च्या अखेरीस ती अमेरिकेत डॉ. अॅरन हॉर्शिग या फिजिओथेरपिस्टकडे गेली. स्वतः वेटलिफ्टर राहिलेल्या या माणसाने पाठ आणि खांद्याच्या तक्रारींमागचा स्नायूंचा असमतोल शोधून त्यावर काम केलं. एप्रिल 2021 मध्ये ताश्कंदला क्लीन अँड जर्कमध्ये 119 किलोचा जागतिक विक्रम झाला आणि जुलैत टोकियोचं रौप्यपदक.

आपल्याकडच्या जिममध्ये नेमकं उलटं घडताना दिसतं. खांदा किंवा कंबर दुखावलेला गडी दोन महिने घरी बसतो, परत येतो, काही आठवडे हलकं हलकं करतो आणि मग ‘आता काही दुखत नाही’ म्हणून जुन्या प्लेटा चढवतो. दहा-पंधरा दिवस झकास जातात. मग एके दिवशी तीच जागा पुन्हा धरते, बहुतेकदा आधीपेक्षा जोरात. नशिबाला किंवा वयाला दोष देऊन तो पुन्हा घरी बसतो. या प्रकाराला शरीरशास्त्रात सरळ उत्तर आहे. दुखापतीतून सावरताना चेतासंस्था, स्नायू, हाड आणि कंडरा एकाच वेगाने पुढे सरकत नाहीत. जी ताकद आपल्याला जाणवते ती सगळ्यात वेगवान घटकाची असते. वजन मात्र सगळ्यात संथ घटकालाही पेलावं लागतं.

विश्रांतीची किंमत

दुखापतीनंतर विश्रांती हवीच, पण ती फुकट मिळत नाही. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट इथल्या संशोधकांनी धडधाकट तरुणांच्या एका पायाला प्लास्टर घालून पाहिलं. पाच दिवसांत मांडीच्या पुढच्या स्नायूचा आकार साडेतीन टक्क्यांनी घटला आणि ताकद 9 टक्क्यांनी. दोन आठवडे प्लास्टर ठेवलेल्यांमध्ये आकार 8.4 टक्क्यांनी घटला, ताकद मात्र जवळजवळ 23 टक्क्यांनी. स्नायू जितका रोडावला त्याच्या दुपटीहून जास्त ताकद गेली. उरलेला फरक स्नायूच्या मांसात सापडत नाही. त्याला हुकूम देणाऱ्या चेतासंस्थेचाच हात सैल झालेला असतो.

गुडघ्यात पाणी झालं असेल तर हा प्रकार आणखी ठळक दिसतो. निरोगी गुडघ्यात थोडं सलाइन टोचून सांधा मुद्दाम फुगवला, तरी मांडीचा पुढचा स्नायू पूर्ण जोराने आवळता येत नाही. दुखापत नाही, दुखणंही नाही, तरी सांध्याकडून मणक्याकडे जाणारे संदेश त्या स्नायूला अर्धवट बंद करतात. म्हणून सुजलेल्या गुडघ्यावर स्क्वॉट मारून ‘ताकद आणण्याचा’ हट्ट फुकट जातो. आधी सूज उतरवायची, मग वजन.

लोखंडी बुटांचा वॉर्ड

वजन उचलणं हाच उपचार होऊ शकतो, हा विचार रुग्णालयात पोहोचला तो दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाला. शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलमध्ये गुडघे आणि मांड्या जायबंदी झालेल्या सैनिकांची रीघ लागली होती. तेव्हाची पद्धत म्हणजे हलकं वजन आणि खूपशा आवृत्त्या. सैनिक महिनोन्‌महिने तिथेच पडून. थॉमस डीलॉर्म नावाच्या तरुण लष्करी डॉक्टरने वेगळा मार्ग धरला. किशोरवयात संधिवाताच्या तापाने त्याला अंथरुणाला खिळवलं होतं आणि नंतर त्याने वजनं उचलूनच शरीर पुन्हा उभं केलं होतं. त्याने सैनिकांच्या पावलांना लोखंडी बूट बांधले, त्यांवर प्लेटा चढवल्या आणि खुर्चीत बसून पाय सरळ करायला सांगितलं. वजन हळूहळू वाढवत न्यायचं. 1945 मध्ये त्याने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

सुरुवातीला तो दहा-दहा आवृत्त्यांचे सात ते दहा सेट करवून घेई. 1948 मध्ये आर्थर वॉटकिन्सबरोबर त्याने ते तीनवर आणले. ज्या वजनाने कशाबशा दहा आवृत्त्या होतात ते आजचं कमाल वजन. पहिला सेट त्याच्या निम्म्याने, दुसरा पाऊणपटीने, तिसरा पूर्ण वजनाने. जगभरच्या जिममधला ‘दहाचे तीन सेट’ हा मंत्र या वॉर्डातून आला.

यातला ‘आजचं’ हा शब्द महत्त्वाचा. दुखापतीपूर्वी कोणी 80 किलोने दहा स्क्वॉट मारत असेल आणि आज 40 किलोनेच नीट दहा जमत असतील, तर त्याचे तीन सेट 20, 30 आणि 40 चे. जुना 80 हा आकडा वहीत राहील, बारवर चढणार नाही.

कोण किती वेगाने

परतल्यावर पहिल्या दोन-चार आठवड्यांत ताकद भराभर वाढते. या काळात स्नायू फारसा जाड झालेला नसतो. मेंदू आणि मणका स्नायूतले अधिक तंतू एकदम कामाला लावायला पुन्हा शिकतात, त्यातून ही वाढ येते. हे 1970 च्या दशकापासून ठाऊक आहे.

त्यामागून स्नायू येतो. तो भरपूर रक्त मिळणारा, सतत नवा होणारा घटक आहे आणि एकदा कमावलेला स्नायू पुन्हा मिळवणं पहिल्यापेक्षा सोपं जातं. फिनलंडच्या युवास्क्युला विद्यापीठात 2024 मध्ये झालेला प्रयोग दिलासा देणारा आहे. एका गटाने सलग 20 आठवडे व्यायाम केला. दुसऱ्याने 10 आठवडे केला, 10 आठवडे पूर्ण बंद ठेवला आणि पुन्हा 10 आठवडे केला. अखेरीस दोन्ही गट जवळपास एकाच ठिकाणी पोहोचले. ही माणसं जखमी नव्हती, हे खरं. पण ‘तीन महिने गेले, सगळी मेहनत पाण्यात’ हा आक्रोश अनाठायी आहे एवढं त्यातून कळतं.

मोडलेलं हाड साधारण दीड ते तीन महिन्यांत जुळतं, पण त्या जागेची आतली रचना पूर्ववत व्हायला पुढे कित्येक महिने लागतात. आणि सगळ्यात मागे असते कंडरा. स्नायूला हाडाशी बांधणारी ही पांढरी, चिवट दोरी. जिममध्ये तिला टेंडन म्हणतात. तिला रक्तपुरवठा तोकडा आणि तिच्यात पेशीही विरळ.

ती किती संथ आहे हे अणुबॉम्बमुळे कळलं. 1950 आणि 60 च्या दशकांत हवेत झालेल्या अणुचाचण्यांनी वातावरणातला किरणोत्सारी कार्बन-14 एकदम वाढला. 1963 नंतर तो उतरत गेला. त्या काळात जे जे ऊतक घडलं त्यावर त्या वर्षाचा शिक्का बसला. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2013 मध्ये टाचेवरच्या अकिलीस कंडरेचे नमुने तपासले, तेव्हा तिच्या गाभ्यातला कार्बन माणसाच्या वयाच्या पहिल्या 17 वर्षांतला निघाला. त्याच लोकांच्या स्नायूत मात्र सतत नवं बांधकाम चालू असल्याच्या खुणा होत्या. चाळिशीतला माणूस धावतो तो शाळा-कॉलेजात असताना घडलेल्या कंडरेच्या गाभ्यावर. ती फाटली तर भरून येते, पण भरलेली जागा मूळ विणीसारखी नसते.

आता परतीच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात काय होतं ते पाहा. चेतासंस्था सावरलेली असते, स्नायू भरत आलेला असतो, बार हलका वाटतो, आरशात खांदे बरे दिसतात. कंडरेने मात्र अजून निम्मीही वाट कापलेली नसते. जुन्या प्लेटा चढतात त्या याच आठवड्यात.

पायरीच्या कडेवर

संथ म्हणून कंडरेला नुसतं बसवून ठेवलं तर ती बरी होत नाही, हे दाखवून दिलं स्वीडनच्या हाकन अल्फ्रेडसन या अस्थिशल्यचिकित्सकाने. त्याची स्वतःची अकिलीस कंडरा सतत दुखत होती. शस्त्रक्रिया करण्याइतकी ती बिघडलेली नाही असं वरिष्ठांनी सांगितल्यावर, ती पुरती बिघडावी म्हणून त्याने तिच्यावर मुद्दाम जोर द्यायला सुरुवात केली, असा किस्सा तो स्वतः सांगतो. बिघडायचं सोडून ती बरी झाली.

1998 मध्ये त्याने हेच 15 हौशी धावपटूंवर केलं. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहायचं, टाचा हवेत. चांगल्या पायाने वर उचलायचं, मग सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच सावकाश पायरीच्या खाली उतरवायची. वर येताना पुन्हा चांगला पाय. एकदा गुडघा ताठ ठेवून पंधराचे तीन सेट, एकदा वाकवून तीन सेट, दिवसातून दोन वेळा. म्हणजे रोज 180 वेळा टाच खाली. दुखलं तरी चालेल, चालणंच अशक्य झालं तर थांबा. दुखेनासं झालं की पाठीवरच्या सॅकमध्ये वजन. बारा आठवड्यांनी पंधराही जण पुन्हा धावू लागले होते. हा उपाय कंडरेच्या मधल्या भागाच्या जुन्या दुखण्यासाठी आहे, ताज्या फाटण्यासाठी नाही.

रोजचे 180 हा आकडाही पुढे सैल झाला. आठवड्यातून तीनदा, जड वजनाने आणि अगदी सावकाश केलेल्या व्यायामाने तितकाच फायदा होतो असं नंतर दिसलं. त्याला कारणही आहे. जोराच्या व्यायामानंतर कंडरेतलं कोलॅजन आधी मोडतं, मग नव्याने बनतं. पहिले 24 ते 36 तास हिशेब तोट्यात असतो. त्या आत पुन्हा जोर दिला तर तोटा साचत जातो. एकाच दुखऱ्या जागेला जड काम देताना मध्ये एक पूर्ण दिवस सोडण्याची सवय म्हणूनच लावून घ्यावी.

दुखणं कसं वाचायचं

‘जरासुद्धा दुखलं की थांबा’ आणि ‘दुखलं तरी रेटा’ हे दोन्ही सल्ले जिममध्ये एकाच दिवशी ऐकायला मिळतात. फिजिओथेरपिस्ट मधला मार्ग सांगतात. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य, असा अंक स्वतःला विचारायचा. अकिलीसच्या जुन्या दुखण्यावर स्वीडनमध्ये 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रुग्णांना दुखणं पाचपर्यंत जाईतो धावू-उड्या मारू दिलं. अट अशी की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते ओसरायला हवं आणि आठवड्यागणिक वाढता कामा नये. विश्रांती घेणाऱ्या गटापेक्षा त्यांचं काही वाईट झालं नाही. इतर दुखापतींत बरेच जण हा आकडा तीनपर्यंतच ठेवतात.

सकाळची खूण जास्त विश्वासार्ह असते. व्यायामाच्या वेळी अंग गरम असतं, गप्पा चालू असतात, संगीत मोठ्याने वाजत असतं. दुसऱ्या दिवशी पलंगावरून पहिलं पाऊल टाकताना किंवा शर्टात हात घालताना सांधा खरं सांगतो. कालच्यापेक्षा जास्त आखडलेला असेल तर आजचं वजन कमी. वेदनाशामक गोळी घेऊन जिमला जाणारा माणूस ही खूणच पुसून टाकतो.

पाचावरून साडेसातावर

वजन वाढवण्याचा प्रश्न कागदावर सोपा आणि रॅकसमोर अवघड असतो. बारवर दोन्ही बाजूंना सव्वा किलोची प्लेट लावली तर 40 चे साडेबेचाळीस होतात, वाढ सहा टक्के. पण खांद्याच्या दुखापतीतून उठलेला माणूस डंबेलच्या रॅकपाशी येतो तेव्हा तिथे अडीच, पाच, साडेसात अशी रांग असते. पाचावरून साडेसात म्हणजे एकदम पन्नास टक्के. पाच किलो अगदी सहज जात होतं, साडेसातला खांदा कुरकुरला, यात नवल ते काय?

मधली पायरी आपण घालायची. पाच किलोच्या आठ आवृत्त्यांवरून बारा, मग पंधरापर्यंत जायचं. खाली आणताना तीन-चार सेकंद घ्यायचे. मनगटाला अर्ध्या किलोची वाळूची पट्टी बांधायची. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची: वजन, आवृत्त्या, सेट किंवा वेग यांपैकी एक. दोन वाढवल्या आणि दुखलं, तर दोष कशाचा हे कळत नाही. झटक्याने उचलायचे प्रकार, उड्या आणि कमाल वजनाचे प्रयोग सगळ्यात शेवटी.

हलक्या वजनाची लाज बाळगायचंही कारण नाही. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात 2012 मध्ये दिसलं, की कमाल क्षमतेच्या 30 टक्के वजनानेही, थकेपर्यंत आवृत्त्या केल्या तर स्नायू 80 टक्के वजनाइतकाच भरतो. कमाल ताकदीसाठी शेवटी जड उचलावंच लागतं, पण परतीच्या पहिल्या महिन्यांत स्नायू राखायला हलकं वजन पुरतं.

चांगल्या बाजूचा फायदा आणि चकवा

हात गळ्यात अडकवलेला असताना दुसऱ्या हाताचा व्यायाम करून काय मिळणार, असं वाटतं. 1894 मध्ये येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर आणि सहकाऱ्यांनी एका हाताला सराव दिला आणि न वापरलेल्या हाताचीही ताकद वाढलेली आढळली. त्यानंतर हा परिणाम शेकडो वेळा तपासला गेला. न वापरलेल्या बाजूला मिळणारी वाढ दहा टक्क्यांच्या आसपास असते आणि ती चेतासंस्थेतून येते. हात बांधून ठेवलेल्या लोकांत दुसऱ्या हाताच्या व्यायामाने बांधलेल्या हाताची घसरण रोखता येते, हेही दिसलं आहे. तेव्हा उजवा खांदा बंद असला तरी डावा आणि दोन्ही पाय मोकळे आहेत.

चकवा पुढे येतो. परतायला तयार आहात का, हे ठरवताना दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या 90 टक्के आहे का, हे पाहण्याचा रिवाज आहे. पण सक्तीच्या विश्रांतीत चांगला पायही खचलेला असतो. अशक्त पायाशी तुलना केली की दुखरा पाय उगाच पास होतो. अमेरिकेत गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या खेळाडूंत, दुखापतीनंतर लगेच मोजलेल्या चांगल्या पायाच्या ताकदीशी तुलना केली तेव्हा पास होणाऱ्यांची संख्या निम्म्यावर आली. यासाठी व्यायामाची जुनी वही जपून ठेवावी. परतीच्या वेळी तिच्याइतका निःपक्षपाती साक्षीदार दुसरा नाही.

औषध, ताट आणि इशारे

सिप्रोफ्लॉक्सासिन आणि लिव्होफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविकं आपल्याकडे सर्रास लिहून दिली जातात, काही जण तर मनानेच घेतात. या गटातल्या औषधांनी कंडरा सुजण्याचा आणि तुटण्याचा धोका वाढतो म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने 2008 मध्ये त्यांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. साठीपुढच्यांना आणि सोबत स्टेरॉइड घेणाऱ्यांना धोका जास्त. असा कोर्स चालू असेल तर डॉक्टरांना व्यायामाबद्दल सांगा आणि जड वजन थांबवा.

दुखापतीत ‘हालचाल नाही, मग खायचं कशाला’ म्हणून ताट आटवणं चुकीचं. आयसीएमआरच्या शिफारशीनुसार निरोगी माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. 60 किलोच्या माणसाला साधारण 50 ग्रॅम. वजनाचा व्यायाम करणाऱ्यांना 1.6 ग्रॅमपर्यंत, म्हणजे 96 ग्रॅमपर्यंत फायदा दिसतो. नुसत्या वरणभातावर तिथे पोहोचणं कठीण; दूध-दही, पनीर, सोयाबीन, अंडी, मासे यांतलं जे चालतं ते वाढवावं लागतं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

काही खुणा दिसल्या तर सेट, आवृत्त्यांचा विचार बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा: ‘फट्’ असा आवाज होऊन एकदम ताकद जाणं, सांधा अडकणं किंवा निसटणं, हातापायात वाढती बधिरता, पाऊल लुळं पडणं, पोटरी सुजून लाल होणं, रात्री झोपेतून उठवणारी वेदना. कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा गेला तर ती तातडीची वेळ.

किती थांबायचं?

गुडघ्याच्या एसीएल लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर खेळात परतलेल्यांचा नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी दोन वर्षं पाठपुरावा केला. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ताकदीच्या आणि कौशल्याच्या चाचण्या पार न करता परतलेल्यांपैकी 38.2 टक्क्यांना गुडघ्याची नवी दुखापत झाली. चाचण्या पार केलेल्यांत हे प्रमाण 5.6 टक्के होतं. गट लहान होता, पण दिशा स्पष्ट आहे. परत जाणं एकेक महिना पुढे ढकललं तसा धोका दर महिन्याला निम्मा होत गेला. पण फक्त नऊ महिन्यांपर्यंत. त्यानंतर थांबण्याचा वेगळा फायदा दिसला नाही.

या शेवटच्या वाक्याकडे आपलं लक्ष कमी जातं. घाई करणाऱ्यांइतकेच आपल्याकडे कायमचे घाबरलेलेही आहेत. ‘कंबरेचं झालंय ना, आता जड उचलायचं नाही हं’ असा सल्ला एकदा कोणी दिला की माणूस आयुष्यभर पाण्याची बादलीही दुसऱ्याकडून उचलून घेतो. तिशीनंतर दर दशकाला स्नायू 3 ते 8 टक्क्यांनी घटत जातो. जागतिक आरोग्य संघटना सगळ्या प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगते, साठी-सत्तरीतल्यांनाही. कंडरा संथ आहे म्हणून तिच्या वेगाने जायचं, हे खरं. पण पायरीच्या कडेवरच्या त्या पंधरा जणांनी दाखवलं तसं, भार अंगावर पडल्याशिवाय ती जागची हलत नाही. पुरेसं थांबून झालं असेल आणि डॉक्टरांनी मोकळीक दिली असेल, तर आणखी थांबण्याने काही बरं होणार नाही. निम्म्या वजनाने का होईना, पहिला सेट मारायला हवा.